स्कॉटलंडचा वारसा खटला (1290–92): निवाडा बरोबर होता, मग स्वातंत्र्य नेमकं कुठे गेलं? (एक चर्चा; प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

वंशवेल

अलेक्झांडर तिसरा 19 मार्च 1286 च्या रात्री, वादळात, फाइफमधल्या किंगहॉर्नकडे घोड्यावरून जाताना मेला. दोन मुलगे आणि मुलगी त्याच्या आधीच गेलेली. उरली ती नॉर्वेच्या राजाच्या घरची लहानगी नात मार्गारेट. तिलाच वारस मानायची शपथ सरदारांनी 5 फेब्रुवारी 1284 ला स्कोन इथे घेतली होती. सहा राज्यरक्षक नेमले गेले, राज्य चाललं. मग सप्टेंबर 1290 मध्ये ती मुलगी स्कॉटलंडला येताना ऑर्कनी बेटांवर वारली आणि गादी रिकामी झाली. इथपर्यंत सगळं स्पष्ट आहे.

पुढचे तीन मुद्दे जुळत नाहीत. पहिला, जॉन बॅलिऑल हा इंग्लंडच्या एडवर्ड पहिल्याने बसवलेला बाहुला होता असं एकीकडे म्हणतात आणि त्याचा हक्कच वरचढ होता असंही म्हणतात. दोन्ही कसं खरं असेल? दुसरा, ‘स्कॉटलंड वेगळा आणि स्वतंत्र राहील’ असा लेखी करार जुलै 1290 मध्ये झालेला असताना वर्षभरात त्याच लोकांनी एडवर्डला अधिराज (राजाच्याही वरचा धनी) कसं मानलं? आणि तिसरा, कायद्याच्या दृष्टीने स्वातंत्र्य गेल्याची तारीख कोणती धरायची: 1291, 1292, 1293 की 1296?

दफ्तरखाना

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो, कारण वंशावळ नीट डोळ्यांपुढे नसेल तर बाकीचं कळत नाही.

अलेक्झांडर तिसऱ्याचा आजोबा विल्यम द लायन, त्याची थेट औरस शाखा मार्गारेटबरोबर संपली. म्हणून बाजूच्या शाखेकडे वळायचं: विल्यमचा धाकटा भाऊ डेव्हिड, हंटिंग्डनचा अर्ल, मृत्यू 1219. त्याच्या तीन मुलींचे वंश उरले होते. थोरली मार्गारेट, तिची मुलगी डर्व्हरगिला, तिचा मुलगा जॉन बॅलिऑल. मधली इझाबेला, तिचा मुलगा रॉबर्ट ब्रूस. धाकटी अडा, तिच्या वंशात जॉन हेस्टिंग्ज. हा ब्रूस म्हणजे पुढे राजा झालेला ब्रूस नव्हे, त्याचा आजोबा. खटल्याच्या वेळी वय ऐंशीच्या घरात. ही गल्लत फार होते.

म्हणजे बॅलिऑल थोरल्या पातीचा (शाखेचा), पण डेव्हिडचा पणतू. ब्रूस मधल्या पातीचा, पण नातू. एक पिढी जवळ. सगळा खटला या एका पिढीवर उभा आहे. थोरली पाती मोठी की जवळची पिढी मोठी?

यात एक तारीख सहसा कुणी सांगत नाही. डर्व्हरगिला 28 जानेवारी 1290 ला वारली. मार्गारेट त्यानंतर आठ महिन्यांनी. म्हातारी आठ महिने आणखी जगली असती तर तीही डेव्हिडची नातच, शिवाय थोरल्या पातीची. ब्रूसच्या ‘जवळच्या पिढी’ला मग अर्थच उरला नसता. बॅलिऑलचा हक्क किती मजबूत होता ते यावरून दिसतं.

आता युक्तिवाद पाहा, कारण प्रत्येकाला स्वतःच्या सोयीचा कायदा हवा होता. ब्रूस म्हणाला, राज्य म्हणजे जहागीर नव्हे. राजांना लागू होतो तो वेगळा कायदा, तिथे रक्ताने जवळचा असेल तोच बसतो. शिवाय अलेक्झांडर दुसऱ्याला मूल नव्हतं तेव्हा, 1238 मध्ये, त्याने मला वारस नेमलं होतं. पण याचा कागद काही तो पुढे करू शकला नाही. बॅलिऑल म्हणाला, राज्याची वहिवाट थोरल्या पातीची आहे आणि राज्य अविभाज्य आहे. हेस्टिंग्ज म्हणाला, हे राज्य इंग्लंडच्या राजाकडून धरलेली जहागीरच आहे, आणि मुलगे नसतील तर जहागिरीची मुलींत समान वाटणी होते, तेव्हा माझा तिसरा हिस्सा द्या.

6 नोव्हेंबर 1292 ला ब्रूसचा मुख्य दावा बॅलिऑलसमोर टिकला नाही. ब्रूसने स्वतः निवडलेल्या पंचांतल्याही अनेकांनी बॅलिऑलच्या बाजूने मत दिलं. मग ब्रूस उलटला आणि म्हणाला, राज्य वाटता येतं, मलाही तिसरा हिस्सा हवा. आदल्या दिवसापर्यंत ‘राज्य जहागीर नाही’ म्हणणारा माणूस हेस्टिंग्जच्या रांगेत जाऊन बसला, आणि त्याच्या सगळ्या मांडणीचं वजन गेलं. 17 नोव्हेंबरला बर्विकच्या किल्ल्यात अंतिम निवाडा झाला: राज्य एकच, ते बॅलिऑलचं.

तेव्हा ‘एडवर्डने बॅलिऑलला निवडलं’ हे चुकीचं आहे. त्या काळच्या रूढ कायद्याने दुसरा निकाल लागणं कठीणच होतं.

ट्वीडकाठ

वरचं मान्य. पण त्यामुळेच लोक फसतात: निवाडा नीट झाला, म्हणून प्रक्रियाही नीट होती असं धरून चालतात. नुकसान निवाड्याच्या दीड वर्ष आधी, मे-जून 1291 मध्ये नॉरमला झालं. क्रम बघा.

राज्यरक्षकांना एडवर्ड हवा होता तो मध्यस्थ म्हणून. ब्रूस आणि बॅलिऑल दोघांकडे माणसं आणि किल्ले होते, भाऊबंदकीचं युद्ध दाराशी होतं. एडवर्ड हा मृत राजाचा मेहुणा, अलेक्झांडरची पहिली बायको त्याची बहीण. शिवाय कायद्याचा जाणकार अशी युरोपभर ख्याती. बोलावणं चुकीचं नव्हतं. पण तो मध्यस्थ म्हणून आला नाही, अधिराज म्हणून आला. त्याआधीच त्याने मठामठांना हुकूम सोडले होते: तुमच्या बखरींत इंग्लंडच्या राजाचा स्कॉटलंडवर हक्क दिसेल ते उतरवून पाठवा.

नॉरम ट्वीड नदीच्या दक्षिण काठावर, म्हणजे इंग्लंडच्या हद्दीत. स्कॉट लोक नदी ओलांडायला कचरत होते, कारण ओलांडलं की तोच पायंडा. तसा पायंडा पडणार नाही असं लिहून घेऊनच ते आले. कागदाबाबत ही माणसं किती जागरूक होती ते लक्षात घ्या. मूर्ख कुणीच नव्हतं.

10 मे 1291 ला एडवर्डचा न्यायाधीश रॉजर ब्राबाझोन याने मागणी मांडली: आधी माझ्या धन्याचं अधिराज्य मान्य करा, मग न्याय. स्कॉट मंडळींनी मुदत मागितली, तीन आठवडे मिळाले. त्यांचं उत्तर फ्रेंचमध्ये आहे आणि ते कायद्याच्या दृष्टीने अचूक आहे. आशय असा: असा हक्क आम्हाला माहीत नाही, तो बजावलेला आम्ही पाहिला नाही, आणि राजा नसताना राजाच्या वतीने याचं उत्तर द्यायचा अधिकार आम्हाला नाही.

म्हणजे दार बंद. मग एडवर्डने दुसरं दार शोधलं. राज्याला राजा नाही, पण होऊ घातलेले राजे तर आहेत! त्याने दावेदारांना विचारलं. 5 आणि 6 जूनला नऊ दावेदारांच्या मोहरा दोन कागदांवर उठल्या. पहिल्यात अधिराज्य आणि निवाड्याचा अधिकार मान्य. दुसऱ्यात राज्याचा आणि किल्ल्यांचा ताबा, निकाल लागेपर्यंत. ताब्यामागचं कारण असं दिलं की वस्तू हातात नसेल तर न्यायाधीश ती जिंकणाऱ्याला देणार कशी? ऐकायला बिनतोड. परिणाम मात्र असा की किल्ले आणि राज्य निकालाआधीच एडवर्डच्या हातात.

दावेदारांनी मोहर का उठवली? जो नाही म्हणेल तो शर्यतीतून बाद, आणि बाकीचे पुढे. एकूण तेरा दावेदारांतले बहुतेक इंग्लंडमध्येही जमिनी धरून होते, त्या एडवर्डच्या हातातल्या. एकदा एकाने उठवली की दुसऱ्याला थांबणं परवडत नाही. त्यांच्यातला जो कुणी राजा होईल तो आधीच बांधलेला असेल ही सोय एडवर्डने करून घेतली.

फक्त अँगसचा अर्ल गिल्बर्ट द उम्फ्राव्हिल अडून बसला. डंडी आणि फॉरफरचे किल्ले त्याच्याकडे होते. नुकसानभरपाईची हमी लेखी मिळाल्याशिवाय देणार नाही म्हणाला, आणि ती घेऊनच दिले. बाकीच्या किल्लेदारांनी दिले. मग राज्यरक्षकांना एडवर्डने नव्याने नेमलं. 1286 मध्ये त्यांना राज्याने निवडलं होतं, आता त्यांचा अधिकार एडवर्डकडून आला. माणसं जवळपास तीच, अधिकाराचा उगम बदलला. 1291 मधला खरा घाव मला हा वाटतो.

वंशवेल

हे पहिल्यांदाच नीट कळलं. दोन उपप्रश्न: या खटल्यात 104 पंच होते म्हणतात, तो आकडा कुठून आला? आणि ऑगस्ट 1291 ला सुरू झालेला खटला नोव्हेंबर 1292 पर्यंत का लांबला?

साक्षीपुरावा

आकडा: 40 बॅलिऑलने नेमलेले, 40 ब्रूसने, 24 एडवर्डच्या मंडळातले. एकूण 104, आणि स्वतः एडवर्ड धरून 105. प्राचीन रोममध्ये वारशाचे दावे ऐकणाऱ्या मोठ्या न्यायालयातही मूळ संख्या 105 होती. तोच नमुना समोर असावा असं मानतात आणि ते पटण्यासारखं आहे. मात्र आजच्या अर्थाने ही ज्युरी नव्हे. पंचांनी सल्ला द्यायचा, निकाल एडवर्डचा.

लांबण्याचं मोठं कारण हॉलंडचा काउंट फ्लोरिस पाचवा. तो डेव्हिडच्या बहिणीच्या, आणखी एका अडाच्या, वंशातला. साध्या क्रमाने तो डेव्हिडच्या तिन्ही मुलींच्या वंशांमागे पडतो. पण त्याचं म्हणणं, डेव्हिडने अ‍ॅबरडीनशायरमधल्या गॅरिओकच्या जहागिरीच्या बदल्यात स्वतःचा आणि आपल्या वंशाचा गादीवरचा हक्क सोडून दिला होता. हे सिद्ध झालं असतं तर बॅलिऑल, ब्रूस, हेस्टिंग्ज तिघेही एका फटक्यात बाद. म्हणून हा दावा फेकून देता येईना. मूळ कागद स्कॉटलंडमध्ये कुठेतरी आहे, तो शोधायला वेळ द्या, असं त्याने सांगितलं. ऑगस्ट 1291 मध्ये तहकुबी मिळाली ती थेट 2 जून 1292 पर्यंत. मूळ कागद न्यायालयात कधीच आला नाही. नकला आहेत, त्या बनावट मानल्या जातात. दरम्यान ब्रूस आणि फ्लोरिस यांनी आपसांत करार केला की दोघांपैकी जो जिंकेल त्याने दुसऱ्याला तिसरा हिस्सा द्यायचा. शेवटी नोव्हेंबरात फ्लोरिसने दावा मागे घेतला.

या दहा महिन्यांचा फायदा कुणाला? ताबा ज्याच्याकडे त्याला. तेवढा काळ स्कॉटलंडचा कारभार एडवर्डच्या नावाने चालला, आणि वहिवाट पडत गेली.

तेरा दावेदारांबद्दल एक खुलासा. विल्यम द लायनच्या अनौरस मुलांच्या वंशातले पाच-सहा जण होते. जॉन कोमिनने अकराव्या शतकातल्या डोनाल्ड बानपर्यंत वंश नेला. नॉर्वेचा राजा एरिक मार्गारेटचा बाप म्हणून मागत होता. यातले बहुतेक जिंकायला आलेच नव्हते. दावा नोंदला गेला पाहिजे, उद्या कुणाचा वंश खुंटला तर आपलं नाव दफ्तरात हवं, एवढाच हेतू. म्हणून ‘तेरा जणांची लढत’ म्हणू नका. लढत दोघांची, अडथळा तिसऱ्याचा.

साधनांबाबत खबरदारी: या खटल्याची सगळ्यात विस्तृत नोंद म्हणजे अँड्र्यू द टँज या इंग्रज लेखनिकाची गुंडाळी. ती घटनांनंतर काही वर्षांनी, 1296 चं युद्ध झाल्यावर, पक्की केली गेली. मे-जून 1291 मधलं स्कॉट लोकांचं जे उत्तर वर ट्वीडकाठ यांनी दिलं, ते तिथे आशयासह येत नाही. ‘उपयोगी असं काही सांगितलं नाही’ एवढंच येतं. फ्रेंच मजकूर वेगळा टिकला म्हणून आपल्याला ते कळतं. गुंडाळीतली तारीख आणि ‘सर्वांनी मान्य केलं’ हे शब्द दिसले की प्रत्येक वेळी दुसऱ्या कागदाशी ताडून पाहा.

कलमवार

आता दुसरा आणि तिसरा मुद्दा. त्यासाठी बर्गमचा करार कलमवार वाचायला हवा: 18 जुलै 1290, एडवर्डची मान्यता नॉर्थम्प्टनला 28 ऑगस्टला. मार्गारेटचं लग्न एडवर्डच्या मुलाशी व्हायचं होतं, त्यासाठीचा हा करार. राज्य ‘वेगळं, विभक्त, स्वतःत मुक्त, कुणाच्या अधीन नसलेलं’ राहील हे वाक्य सगळे उद्धृत करतात. पण संरक्षण खऱ्या अर्थाने खालच्या कलमांत आहे. स्कॉटलंडमधल्या व्यवहारासाठी किंवा गुन्ह्यासाठी कुणालाही राज्याबाहेर जाब द्यावा लागणार नाही. राजाच्या थेट जहागीरदारांनी शपथ राज्यातच घ्यायची. बिशपांच्या निवडणुका मोकळ्या. मोठी मोहर राज्यातच राहणार. स्कॉटलंडच्या बाबींवर राज्याबाहेर संसद भरणार नाही. राज्याच्या सामायिक गरजेशिवाय कर नाही. सार्वभौमत्व हा शब्द न वापरता त्याचे सगळे अवयव एकेक करून मोजले आहेत. मध्ययुगातला इतका विचारपूर्वक केलेला मसुदा क्वचित सापडतो, आणि तो राज्यरक्षकांनी राजा नसताना घडवून आणला.

मेख शेवटी आहे: ‘आमच्या धन्याचा आणि इतर कुणाचाही जो हक्क आधीपासून असेल तो राखून’. दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ घेतला. स्कॉट लोकांच्या लेखी एडवर्डचा हक्क काही नव्हताच. 1174 च्या फालेजच्या तहाने विल्यम द लायन मांडलिक झाला होता हे खरं, पण 1189 मध्ये रिचर्ड पहिल्याने 10,000 मार्क घेऊन तो तह रद्द केला होता. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, तेव्हा रक्कम 6,666 पौंड 13 शिलिंग 4 पेन्स. व्यवहार पूर्ण, पैसे चुकते. एडवर्डच्या लेखी मात्र हक्क होता आणि तो या शब्दांनी राखला गेला होता.

दुसरी अडचण म्हणजे करार लग्नावर उभा. मुलगी गेली, लग्न गेलं, आता कलमं बंधनकारक आहेत का? स्कॉटलंड म्हणालं आहेत. एडवर्ड म्हणाला ती राजा नसतानाची वचनं, मला बांधत नाहीत.

हा वाद प्रत्यक्षात आला बॅलिऑल गादीवर बसल्यावर अवघ्या सात दिवसांत. राज्यारोहण स्कोनला 30 नोव्हेंबर 1292 ला. 7 डिसेंबरला बर्विकचा व्यापारी रॉजर बार्थोलोम्यू याने राज्यरक्षकांच्या न्यायालयाच्या निकालांविरुद्ध एडवर्डकडे अपील केलं. किरकोळ दिवाणी भांडण. पण एडवर्डने ते ऐकलं. स्कॉट बाजूने बर्गमचं कलम पुढे केलं: राज्यातला मामला राज्याबाहेर जाऊ शकत नाही. एडवर्डने नाकारलं. 26 डिसेंबरला न्यूकॅसलमध्ये बॅलिऑलने राज्यासाठी मांडलिकीची शपथ घेतली आणि 2 जानेवारी 1293 ला लिहून दिलं की राज्य रिकामं असताना एडवर्डने दिलेल्या वचनांतून, बर्गमसह, मी त्याला मोकळं करतो.

तारीख हवी असेल तर माझं उत्तर 2 जानेवारी 1293. 1291 मध्ये मोहर उठवणारे दावेदार होते, राजा नव्हता. ‘राजाशिवाय उत्तर नाही’ ही स्कॉट लोकांची हरकत त्या कागदांनाही लागू होत होती. आता खुद्द राजाने लिहून दिलं होतं, ती हरकत संपली.

ट्वीडकाठ

तारखेबद्दल मतभेद नोंदवतो. किल्ले परत मिळाले तरी बॅलिऑलला ‘नाही’ म्हणायला जागा उरली नव्हती, कारण तो 1291 च्या कागदांनी आधीच बांधला गेला होता. 1293 चा कागद परिणाम आहे. पण राज्याच्या वतीने दिलेलं पहिलं लेखी वचन ते, हे कबूल.

कलमवार

मान्य. परिणाम किती लवकर गळ्याशी आला हे मॅकडफच्या प्रकरणात दिसतं. फाइफच्या अर्लच्या घराण्यातला धाकटा मुलगा. जमिनीच्या वादात बॅलिऑलच्या संसदेत हरला, एडवर्डकडे गेला. 1293 च्या शरद ऋतूत स्कॉटलंडच्या राजाला वेस्टमिन्स्टरमध्ये साध्या प्रतिवादीसारखं उभं राहावं लागलं. बॅलिऑल म्हणाला, माझ्या राज्यातल्या प्रमुख माणसांना विचारल्याशिवाय मी उत्तर देऊ शकत नाही. ही चांगली, कायदेशीर भूमिका होती. न्यायालयाने तो अवमान ठरवला आणि तीन मुख्य किल्ले जप्त करायची तयारी दाखवली. बॅलिऑल नमला, तारीख मागितली. मॅकडफ नंतर 1298 मध्ये फॉल्कर्कच्या रणात एडवर्डविरुद्ध लढताना मेला, हेही इथे नोंदवावंसं वाटतं. अपील करणारा प्रत्येक जण एडवर्डचा माणूस नव्हता.

1294 मध्ये एडवर्डने फ्रान्समधल्या गॅस्कनीच्या युद्धासाठी स्कॉट सरदारांना लष्करी चाकरीवर बोलावलं. जुलै 1295 मध्ये स्टर्लिंगला बारा जणांचं मंडळ नेमलं गेलं, चार बिशप, चार अर्ल, चार सरदार, आणि ऑक्टोबरात फ्रान्सशी तह झाला. मार्च 1296 मध्ये बर्विकची कत्तल, जुलैत बॅलिऑलची गादी गेली. अंगरख्यावरची राजचिन्हं उसकटली गेली, त्यावरून ‘रिकामा अंगरखा’ हे नाव पडलं. 1296 ही तारीख लष्करी आहे.

वंशवेल

मग नंतर, 1291 च्या मोहरा समोर असताना, स्कॉट बाजूने कायद्याने काय मांडलं?

दफ्तरखाना

पोपपुढे मांडलं, आणि फार चांगलं मांडलं. बोनिफेस आठव्याने 27 जून 1299 च्या पत्रात एडवर्डला विचारलं, तुझा हक्क कशावरून? ते पत्र ऑगस्ट 1300 मध्ये एडवर्डच्या हातात पडलं ते स्वीटहार्ट मठात. हा मठ डर्व्हरगिलाने 1273 मध्ये बांधवला होता, बॅलिऑलच्या त्याच आईने.

एडवर्डने 1301 मध्ये दिलेल्या उत्तरात ट्रॉयहून आलेल्या ब्रूटसपासून सुरुवात केली, 1174 सांगितलं आणि 1189 गाळलं. स्कॉट वकील बॉल्ड्रेड बिसेट याने नेमकं ते 1189 पुढे ठेवलं, बर्गम ठेवलं, आणि 1291 च्या मोहरांबद्दल सांगितलं की त्या दबावाखाली घेतल्या. दंतकथेला दंतकथेने उत्तर म्हणून इजिप्तच्या स्कोटा राजकन्येची गोष्टही दिली. ती आज वाचताना वगळावी. बाकीची मांडणी भक्कम आहे.

ब्रूसच्या नातवाच्या कारकिर्दीत 1328 मध्ये एडिंबरा-नॉर्थम्प्टनचा तह झाला. एडवर्ड तिसऱ्याने राज्य इंग्लंडपासून सर्व बाबतींत वेगळं, अखंड, मुक्त आणि कसल्याही अधीनतेशिवाय असल्याचं लिहून दिलं, सीमा अलेक्झांडर तिसऱ्याच्या वेळच्या. बर्गमचेच शब्द जवळपास, पण या वेळी ‘हक्क राखून’ ही मेख नव्हती. स्कॉटलंडने 20,000 पौंड द्यायचं कबूल केलं. त्याच कागदात आणखी एक वाक्य घातलं: अधीनतेबद्दलचे पूर्वीचे करार, कबुल्या, पत्रं कुठेही सापडली तरी ती रद्द समजावीत. नॉरमचे नऊ मोहरांचे दोन कागद आणि 2 जानेवारीचं पत्र, तिन्ही त्या वाक्यात बसतात.